घरच्या व्हॉल्टवॉर्डनचा बॅकअप आणि कपाटातला लिफाफा

गेल्या मे महिन्यात वळवाचा पहिला पाऊस आला त्या संध्याकाळी नाशिकमधल्या आमच्या घरची लाईट अर्ध्या तासात तीनदा गेली आणि तीनदा आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवलेला छोटा संगणक सुरू झालाच नाही. पंखा फिरत होता, दिवाही लागत होता, पण आतली डिस्क ओळखली जात नव्हती. त्या डिस्कवर आमच्या कुटुंबातल्या पाच जणांचे पासवर्ड होते. बॅकअप रोज रात्री दोन वाजता होत होता आणि तसा तो त्या दिवशीही झालेला होता, त्यामुळे मी घाबरले नाही. पुढच्या दोन तासांत काय कळले आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत बॅकअपची पद्धत मुळापासून का बदलावी लागली, ते सविस्तर लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते.

आम्ही वापरतो तो सर्व्हर म्हणजे व्हॉल्टवॉर्डन. बिटवॉर्डन या पासवर्ड सांभाळणाऱ्या सेवेची फोनवरची आणि ब्राउझरमधली ॲप्स जशीच्या तशी ज्याच्याशी बोलू शकतात असा, रस्ट भाषेत लिहिलेला, मुक्त स्रोत असलेला हा हलका सर्व्हर आहे. बिटवॉर्डन कंपनीचा तो अधिकृत सर्व्हर नव्हे. २०२१ पर्यंत त्याचे नाव बिटवॉर्डन आरएस असे होते आणि नावाचा घोळ टाळण्यासाठी ते त्या वर्षी बदलण्यात आले. घरगुती वापरासाठी तो फार सोयीचा आहे, कारण त्याचा सगळा संसार डेटा नावाच्या एकाच फोल्डरमध्ये मावतो. एकच फोल्डर असल्यामुळे त्याची प्रत काढणे ही किरकोळ बाब आहे असे वाटू लागते, आणि मलाही तसेच वाटत होते.

माझी जुनी पद्धत अशी होती की रात्री एक छोटी स्क्रिप्ट चालायची आणि त्या फोल्डरमधली डेटाबेसची मुख्य फाईल, म्हणजे डीबी डॉट एसक्यूलाइट३, उचलून दुसऱ्या डिस्कवर ठेवायची. त्या संध्याकाळी मी तीच प्रत लॅपटॉपवर आणली, डॉकर या साधनात नवा कंटेनर, म्हणजे सर्व्हर ज्यात स्वतंत्रपणे चालतो तो कप्पा, सुरू केला आणि माझ्या खात्यात शिरले. सगळ्या नोंदी दिसल्या. मी सुटकेचा श्वास सोडत होते तेवढ्यात सासूबाईंनी आठवण करून दिली की त्यांच्या बँकेने नेटबँकिंगचा पासवर्ड बदलायला लावला होता आणि तो आम्ही दोघींनी मिळून दोन दिवसांपूर्वीच बदलला होता. त्यांच्या खात्यातली ती नोंद सर्व्हरवर उघडून पाहिली, तर तिथे जुनाच पासवर्ड होता. दोन रात्रींचे दोन बॅकअप त्यानंतर झालेले असूनही बदल त्यात नव्हता.

त्या क्षणी एक गोष्ट वेळेवर सुचली. बिटवॉर्डनची ॲप्स तिजोरीची, म्हणजे साठवलेल्या सगळ्या नोंदींची, एक कूटबद्ध प्रत स्वतःजवळ ठेवतात आणि सर्व्हर बंद असला तरी ती वाचता येते. मात्र सर्व्हर पुन्हा दिसू लागला की ॲप त्याच्याकडचेच खरे मानते आणि स्वतःची प्रत त्याच्याप्रमाणे करून घेते. म्हणजे जुन्या बॅकअपवरून उभा केलेला सर्व्हर फोनला एकदा भेटला असता, तर नव्या पासवर्डची जगातली शेवटची प्रत त्या भेटीत पुसली गेली असती. मी सासूबाईंना म्हटले, “आई, तुमचा फोन इकडे द्या, आणि ते ॲप आत्ता अजिबात उघडू नका.” त्यांनी पदराला पुसून फोन माझ्या हातात दिला. आधी विमान मोड लावला, मग त्यांच्या बोटाचा ठसा घेऊन ॲप उघडले, नवा पासवर्ड वहीत उतरवून घेतला आणि त्याच पद्धतीने घरातले बाकीचे फोन एकेक करून तपासले. यजमानांच्या फोनवर आणखी दोन नव्या नोंदी सापडल्या. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे की सर्व्हर पडला तर पहिले काम फोन विमान मोडवर टाकण्याचे, आणि बॅकअपला हात त्यानंतर लावायचा.

दोन दिवसांचे बदल गेले कुठे, याचे उत्तर एसक्यूलाइटच्या, म्हणजे हा डेटाबेस ज्या प्रणालीवर चालतो तिच्या, कामाच्या रीतीत आहे. व्हॉल्टवॉर्डन हा डेटाबेस वॉल नावाच्या पद्धतीने चालवतो. या पद्धतीत नवा बदल थेट मुख्य फाईलमध्ये जात नाही. तो आधी शेजारच्या, नावाच्या शेवटी वॉल असलेल्या फाईलमध्ये लिहिला जातो, आणि ती फाईल साधारण १,००० पानांची झाली की त्यातला मजकूर मुख्य फाईलमध्ये उतरवला जातो. एक पान ४,०९६ बाइटचे धरले तर ही मर्यादा सुमारे ४ एमबीची होते. किराणा दुकानदार दिवसभराचे व्यवहार कच्च्या वहीत टिपतो आणि सवडीने खतावणी करतो, तसाच हा प्रकार आहे. मोठ्या कार्यालयात ४ एमबी भरायला वेळ लागत नाही, पण पाच माणसांच्या घरात तेवढे लिखाण व्हायला काही दिवसही लागू शकतात, आणि तोवर सगळे नवे व्यवहार कच्च्या वहीतच राहतात. माझी स्क्रिप्ट रोज न चुकता खतावणीची वही उचलत होती आणि कच्ची वही जागेवर सोडून येत होती.

बरे, मग दोन्ही फाईली सोबत उचलाव्यात का? सर्व्हर चालू असताना तेही भरवशाचे नाही, कारण पहिली फाईल उचलून दुसरीकडे वळेपर्यंत मधल्या क्षणात काही लिहिले गेले तर दोन्हींचा मेळ राहत नाही. योग्य मार्ग म्हणजे प्रत काढण्याचे काम डेटाबेसलाच सांगणे. एसक्यूलाइटच्या आज्ञावलीत त्यासाठी बॅकअप नावाची आज्ञा आहे, आणि ती चालू डेटाबेसमधून दोन्ही वह्यांचा हिशेब जुळवून एकच सुसंगत फाईल काढून देते. व्हॅक्यूम इंटू या आज्ञेनेही तेच काम होते. व्हॉल्टवॉर्डनच्या प्रशासक पानावरही डेटाबेसचा बॅकअप घेण्याचे बटण आहे, पण जे काम माणसाने आठवणीने बटण दाबण्यावर अवलंबून असते ते परीक्षेच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत राहून जाते, म्हणून मी रात्रीची स्क्रिप्टच ठेवली. ज्यांना रात्री दोन मिनिटे सर्व्हर बंद ठेवणे चालते, त्यांनी कंटेनर थांबवून अख्खे फोल्डर उचलले तरी हरकत नाही; घरगुती वापरात तो सर्वांत समजायला सोपा आणि तितकाच खात्रीचा उपाय आहे.

डेटाबेसखेरीज त्या फोल्डरमध्ये जे असते त्याची किंमत एकसारखी नाही. जोडपत्रांचे फोल्डर अत्यावश्यक आहे, कारण नोंदींना जोडलेल्या फाईली डेटाबेसमध्ये नसून तिथे असतात. त्या फाईली कूटबद्ध असतात आणि त्यांच्या किल्ल्या डेटाबेसमध्ये असतात, त्यामुळे एकाशिवाय दुसऱ्याचा उपयोग नाही. कॉन्फिग नावाच्या फाईलमध्ये प्रशासक पानावरून केलेली सेटिंग्ज साठवलेली असतात आणि ती डॉकरला दिलेल्या सेटिंग्जवर मात करतात, म्हणून ही फाईल हरवली तर सर्व्हर चालतो पण ईमेल का जात नाही याचा शोध घेत बसावे लागते. लॉगिन वैध आहे हे ठरवणारी आरएसए की नावाची फाईल गेली तर सगळे जण लॉग आउट होतात. हे ऐकायला क्षुल्लक वाटते, पण लॉग आउट झालेल्या फोनवरची ती वाचवणारी प्रत नाहीशी होते हे वरच्या प्रसंगानंतर लक्षात यावे. संकेतस्थळांच्या चित्रांचे फोल्डर मात्र खुशाल सोडून द्यावे, ती चित्रे पुन्हा आपोआप येतात. याशिवाय सर्व्हर कसा चालवायचा हे डॉकरला सांगणारी कंपोज फाईल डेटा फोल्डरच्या बाहेर असते आणि नेमकी म्हणूनच ती विसरली जाते. माझ्या बॅकअपमध्येही ती नव्हती.

रिस्टोअर करताना, म्हणजे बॅकअप परत बसवताना, एक मेख आहे आणि ती कळली नाही तर चांगल्या बॅकअपचेही वाटोळे होऊ शकते. बॅकअपची फाईल जुन्या फोल्डरमध्ये परत ठेवताना तिथे आधीची वॉल फाईल पडून असेल, तर एसक्यूलाइट ती कच्ची वही याच खतावणीची आहे असे समजून तिच्यातला मजकूर उतरवायला जाण्याचा धोका असतो, आणि त्यातून डेटाबेस बिघडू शकतो. म्हणून आधी कंटेनर पूर्ण थांबवावा, जुनी डेटाबेस फाईल आणि तिच्या जोडीच्या दोन्ही फाईली (वॉल आणि एसएचएम) बाजूला हलवाव्यात, मग बॅकअपमधली फाईल ठेवावी आणि तिची मालकी कंटेनर ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो त्याच्याकडे द्यावी. ही मालकी चुकली तर सर्व्हर वरवर सुरू होतो, पण डेटाबेस फक्त वाचण्यापुरता आहे अशी तक्रार नोंदवहीत येऊ लागते आणि काहीच जतन होत नाही. सुरू करण्याआधी एसक्यूलाइटची अखंडता तपासणारी आज्ञा चालवून ‘ओके’ एवढा एकच शब्द उत्तरात येतो की नाही हे मी आता दर वेळी पाहते. सर्व्हरची आवृत्तीही बॅकअप घेतला तेव्हाचीच किंवा तिच्यानंतरची असावी, कारण नवी आवृत्ती जुन्या डेटाबेसची रचना स्वतः सुधारून घेते, पण जुन्या आवृत्तीने नवा डेटाबेस नीट चालवावा अशी अपेक्षा ठेवता येत नाही. त्यासाठी आवृत्तीचा आकडा दर बॅकअपसोबत एका मजकूर फाईलमध्ये लिहून ठेवणे पुरते.

आता दुसऱ्या बाजूकडे वळते. बॅकअप जितका हाताशी, तितका तो चोराच्याही हाताशी. २०२२ मध्ये लास्टपास या कंपनीतून ग्राहकांच्या तिजोऱ्या चोरीला गेल्या त्या चालू सर्व्हरवरून गेल्या नव्हत्या. क्लाउडमध्ये ठेवलेल्या बॅकअपची प्रत नेण्यात आली होती. त्या तिजोऱ्यांमधले पासवर्ड कूटबद्ध होते, पण संकेतस्थळांचे पत्ते उघडे होते. बिटवॉर्डनच्या रचनेत पत्तेही कूटबद्ध असतात आणि कूटबद्ध करण्याचे काम फोनवर किंवा ब्राउझरमध्येच होते, त्यामुळे सर्व्हरच्या डेटाबेसमधून थेट पासवर्ड वाचता येत नाहीत. तरी वापरकर्त्यांचे ईमेल पत्ते तिथे उघडे असतात, कॉन्फिग फाईलमध्ये ईमेल खात्याचा पासवर्ड असू शकतो, आणि ज्याच्या हाती प्रत आहे त्याला मास्टर पासवर्ड, म्हणजे तिजोरी उघडणारा मुख्य पासवर्ड, ओळखण्याचे प्रयत्न वर्षानुवर्षे निवांत करता येतात. म्हणून घराबाहेरच्या साठवणुकीच्या खात्यात जाणारी प्रत मी रेस्टिक या साधनाने स्वतंत्रपणे कूटबद्ध करते. रोजच्या ७, आठवड्याच्या ४ आणि महिन्याच्या १२ प्रती ठेवते. महिन्यांच्या प्रती मला फार मोलाच्या वाटतात, कारण चुकून खोडलेली नोंद आपल्याला दुसऱ्या दिवशी आठवत नाही, विम्याचा हप्ता भरायची वेळ आली की आठवते.

जुन्या प्रतींबाबत एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. आपण आज मास्टर पासवर्ड बदलला तरी सहा महिन्यांपूर्वीची प्रत सहा महिन्यांपूर्वीच्या मास्टर पासवर्डनेच उघडते. जुना पासवर्ड कुणाला कळला या शंकेने तो बदलला असेल, तर त्या आधीच्या सगळ्या प्रती नष्ट करणे हाही त्या बदलाचाच भाग आहे. आणि सहज म्हणून बदलला असेल, तर जुनी प्रत उघडायची वेळ आल्यास जुना पासवर्ड आठवला पाहिजे. माझ्या यजमानांना तो आठवत नव्हता, हे आम्हाला सरावाच्या दिवशी कळले म्हणून निभावले.

हा सराव ऑगस्टमध्ये माझ्या धाकट्या भावाने केला. तो पुण्यात राहतो. त्याला मी एक अट घातली होती: नाशिकचे घर, त्यातले सगळे संगणक आणि माझा फोन आता अस्तित्वात नाहीत असे समजायचे, आणि माझ्या हस्ताक्षरातल्या एका बंद लिफाफ्यावरून सर्व्हर उभा करायचा. मी फोनवर फक्त ऐकायचे, सांगायचे काही नाही. पहिल्या दहा मिनिटांतच तो म्हणाला, “ताई, बाहेरच्या साठवणुकीच्या खात्यात शिरायला तुझ्या ईमेलवर कोड जातोय. ईमेलचा पासवर्ड कुठे आहे?” ईमेलचा पासवर्ड व्हॉल्टवॉर्डनमध्ये होता. ईमेलमध्ये पासवर्डनंतर द्यावा लागणारा, दुसऱ्या टप्प्याचा सहा आकडी कोडही व्हॉल्टवॉर्डनच तयार करत होता. रेस्टिकचा पासवर्ड तेवढा मी लिफाफ्यात घातलेला होता, पण रेस्टिकपर्यंत पोहोचण्याची वाट तिजोरीच्या आतून जात होती. बॅकअप निर्दोष होता, कूटबद्धता निर्दोष होती, आणि तरीही घर खरोखर जळाले असते तर आम्हा पाच जणांपैकी कुणालाही तो उघडता आला नसता. डिस्क बंद पडली त्या संध्याकाळपेक्षा ही दुपार मला अधिक हादरवून गेली.

मग मी त्या खात्याचा वेगळा प्रवेश त्याला दिला आणि सराव पुढे चालू ठेवला. रेस्टिकचा पासवर्ड चालेना. मी तो चोवीस अक्षरी, आकड्यांची आणि चिन्हांची सरमिसळ असलेला तयार केला होता आणि निळ्या शाईने घाईत उतरवला होता. त्यातला इंग्रजीतला छोटा एल की एक हा आकडा, ओ हे अक्षर की शून्य, हे त्याला कळत नव्हते, आणि फोटो पाठवल्यावर मलाही खात्रीने सांगता येईना. चौथ्या प्रयत्नात तो जुळला. पुढे सर्व्हर त्याच्या जुन्या लॅपटॉपवर सुरू झाला. ब्राउझर कूटबद्धतेचे काम फक्त सुरक्षित जोडणीवर किंवा त्याच यंत्रावरच्या लोकलहोस्ट पत्त्यावर करू देतात, म्हणून त्याने लोकलहोस्टवरच उघडला. तिथे त्याची सिक्युरिटी की, म्हणजे लॉगिनसाठी जोडायची छोटी वस्तू, नाकारली गेली, कारण ती ज्या डोमेनसाठी नोंदवलेली असते त्याच डोमेनवर चालते. सहा आकडी कोडही नाकारला गेला; लॅपटॉपचे घड्याळ चार मिनिटे मागे होते आणि असा कोड दर तीस सेकंदांनी वेळेवरूनच बनतो. घड्याळ जुळवल्यावर तो आत गेला आणि त्याने स्वतःच्या खात्यातली एक नोंद मला वाचून दाखवली. सुरुवातीपासून इथवर तीन तास वीस मिनिटे लागली होती.

त्या रात्री मी नवा लिफाफा तयार केला. रेस्टिकचा पासवर्ड बदलून शब्दांचा केला. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१६ मध्ये यासाठी ७,७७६ शब्दांची यादी प्रसिद्ध केली आहे. पाच वेळा फासा टाकला की एक शब्द ठरतो. लेकीच्या सापशिडीच्या डब्यातला फासा घेऊन आम्ही दोघींनी तीस वेळा टाकला आणि सहा शब्द मिळवले. असे सहा शब्द ओळखण्याची अडचण साधारण ७७ बिटांची (म्हणजे सुमारे २ चा ७७ वा घात इतक्या शक्यतांची) होते, आणि शब्द असल्यामुळे एखादे अक्षर अस्पष्ट आले तरी वाचणारा अडत नाही. लिफाफ्यात ते सहा शब्द आहेत, साठवणुकीच्या खात्याचा स्वतंत्र प्रवेश आहे, ईमेल खात्याचे एकदाच वापरता येणारे सुटकेचे कोड आहेत, डोमेन जिथे नोंदवले आहे त्या खात्याचा प्रवेश आहे, आणि माझ्या व्हॉल्टवॉर्डन खात्याचा दुसरा टप्पा ओलांडण्याचा रिकव्हरी कोड आहे. माझा मास्टर पासवर्ड त्यात नाही. तो दुसऱ्या कागदावर आहे आणि तो कागद दुसऱ्या शहरात आहे, म्हणजे एक लिफाफा कुणाच्या हाती लागला तरी तेवढ्याने तिजोरी उघडत नाही. बिटवॉर्डनमध्ये विश्वासातल्या माणसाला आपत्कालीन प्रवेश देण्याची सोय आहे आणि व्हॉल्टवॉर्डन ती पुरवतो, पण ती सोय त्याच सर्व्हरवर चालते, तेव्हा सर्व्हर गेल्यावर तिचा आधार धरता येत नाही.

काही जण विचारतील की ॲपमधून तिजोरीची निर्यात करून ठेवली की झाले नाही का. निर्यात जरूर करावी, मीही तिमाहीला करते, पण तिच्या मर्यादा माहीत असाव्यात. वैयक्तिक निर्यातीत कुटुंबाच्या सामायिक संग्रहातल्या नोंदी येत नाहीत. आमचे वीज, गॅस आणि घरपट्टीचे सगळे पासवर्ड तिथेच आहेत. कचरापेटीतल्या नोंदीही येत नाहीत. कूटबद्ध निर्यातीचे दोन प्रकार आहेत, आणि त्यातला खात्याशी बांधलेला प्रकार दुसऱ्या खात्यात आयात करता येत नाही, म्हणून मूळ खातेच गेले तर ती फाईल निरुपयोगी ठरते. स्वतंत्र पासवर्डचा प्रकार निवडावा.

दुसरा सराव भावाने डिसेंबरमध्ये केला, या वेळी दुसऱ्या लॅपटॉपवर आणि नव्या लिफाफ्यावरून. मी फोनवर होते, पण त्याला मला एकही प्रश्न विचारावा लागला नाही. पंचावन्न मिनिटांनी त्याने सासूबाईंना लाईनवर घेतले. त्यांनी आपला मास्टर पासवर्ड पुण्याच्या लॅपटॉपवर स्वतः टाकलेला नसल्यामुळे त्यांची तिजोरी उघडणे शक्य नव्हते, पण त्यांचे खाते, जोडपत्रे आणि नोंदींची संख्या नाशिकच्या सर्व्हरशी जुळते हे त्याने डेटाबेसमध्ये मोजून त्यांना सांगितले. मग लॅपटॉपवरची सगळी प्रत पुसली, लिफाफा नव्याने बंद केला आणि पाठीवर त्या दिवसाची तारीख घातली. पुढचा सराव मेमध्ये, वळीव सुरू व्हायच्या आधी ठरला आहे, आणि तो सासूबाईंच्या समोर, त्यांच्याच खात्यावर करायचा आहे.